नमुना कुठे वाचला जातो: एडे येथील जनुकविज्ञान केंद्राचा प्रकरण अभ्यास

१९६९ सालच्या जानेवारीत ईशान्य नायजेरियातील लासा या गावी, मिशनच्या रुग्णालयात काम करणारी एक अमेरिकन परिचारिका तापाने आजारी पडली. तिला विमानाने जोस शहरात हलवण्यात आले आणि तिथे तिचा मृत्यू झाला. तिची शुश्रूषा करणारी दुसरी परिचारिकाही काही दिवसांत दगावली. तिसरी आजारी पडली तेव्हा तिला थेट न्यूयॉर्कला नेण्यात आले आणि ती वाचली. रुग्णांच्या रक्ताचे नमुने अमेरिकेतील येल विद्यापीठात पोहोचले, तिथे एक नवाच विषाणू वेगळा करण्यात आला, आणि हे काम करताना जोर्डी कझाल्स या शास्त्रज्ञांना स्वतःला त्याची लागण झाली. ते बरे झाले. प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ मात्र मरण पावला. विषाणूला गावाचे नाव मिळाले: लासा. त्या विषाणूबद्दल गावाला, राज्याला आणि देशाला जे काही कळायचे, ते मात्र पुढची कितीतरी वर्षे समुद्रापारच्या प्रयोगशाळांकडूनच कळत राहिले.

२०१८ च्या सुरुवातीला नायजेरियात लासा तापाची तोवर नोंदली गेलेली सर्वांत मोठी साथ आली. त्या वर्षभरात सहाशेहून अधिक रुग्णांचे निदान प्रयोगशाळेत पक्के झाले. आरोग्य यंत्रणेपुढचा प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर तातडीने हवे होते: विषाणू बदलला आहे का, आणि तो आता माणसाकडून माणसाकडे झपाट्याने पसरू लागला आहे का? यावेळी उत्तराचा मोठा भाग नायजेरियातच, ओसुन राज्यातील एडे या गावच्या रिडीमर्स विद्यापीठात तयार झाला. तिथल्या ‘संसर्गजन्य रोगांच्या जनुकविज्ञानाचे आफ्रिकी उत्कृष्टता केंद्र’ या संस्थेने, इंग्रजी आद्याक्षरांवरून जिला सर्वजण एसीगिड म्हणत, विषाणूंचे जनुकक्रम, म्हणजे त्यांच्या जनुकीय घटकांची मांडणी, वाचायला घेतले.

या दोन प्रसंगांमध्ये जवळपास पन्नास वर्षांचे अंतर आहे. आफ्रिकेतील विद्यापीठे सक्षम करण्याविषयी जे अहवाल लिहिले जातात, त्यांत इमारती, पदवीधर आणि शोधनिबंध यांची मोजदाद असते आणि ती असायलाही हवी. मला मात्र त्याहून नेमकी वाटणारी कसोटी अशी: आपल्या मातीतल्या प्रश्नाचा नमुना वाचण्यासाठी किती दूर पाठवावा लागतो, आणि तो वाचणारे हात कोणाचे आहेत? एसीगिडचे प्रकरण या कसोटीवर तपासावे, हा या लेखाचा हेतू आहे.

इबादानला हे आधीही होते

एडेपासून फार दूर नसलेल्या इबादान शहरात १९४८ साली लंडन विद्यापीठाशी संलग्न असे महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. १९६० च्या दशकात, अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशनच्या पाठबळावर, याच विद्यापीठात विषाणू संशोधनाची एक अव्वल प्रयोगशाळा उभी राहिली. तिथल्या संशोधकांनी काय शोधले हे विषाणूंच्या नावांवरूनच कळते. इबादानच्या डुग्बे बाजारात कत्तलीसाठी आणलेल्या गुरांच्या अंगावरील गोचिडांतून १९६४ मध्ये ‘डुग्बे विषाणू’ मिळाला. शहरातल्याच मोकोला भागात पकडलेल्या चिचुंद्रीसारख्या प्राण्यांत १९६८ मध्ये रेबीजच्या कुळातला ‘मोकोला विषाणू’ सापडला. बाजारपेठ आणि वस्ती यांची नावे थेट विषाणूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेली, कारण नमुना गोळा करणारे आणि तपासणारे एकाच शहरात होते.

मग ते टिकले का नाही? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉकफेलर फाउंडेशनने जगभरातला आपला विषाणू कार्यक्रम आवरता घेतला. तेलाच्या पैशावर नायजेरियात आणखी विद्यापीठे उघडली, पण १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले, १९८६ मध्ये आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आला, नायरा या तिथल्या चलनाचे मूल्य घसरले आणि प्राध्यापकाच्या पगारात घर चालेनासे झाले. त्याच सुमारास जागतिक बँकेसह अनेक देणगीदार असे मांडत होते की गरीब देशांत प्राथमिक शिक्षणावर खर्च केलेल्या पैशाचा परतावा विद्यापीठांवरील खर्चापेक्षा अधिक असतो. त्या आकडेमोडीत प्रशिक्षित विषाणूतज्ज्ञाची किंमत कुठेच धरलेली नव्हती. ती साथ आल्यावरच कळते. चांगले प्राध्यापक अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि आखाती देशांत गेले. २००० साली युनेस्को आणि जागतिक बँकेने मिळून नेमलेल्या कार्यदलाने विकसनशील देशांतील उच्च शिक्षणाकडे दुर्लक्ष झाल्याचे स्पष्टपणे नोंदवले. पण तोपर्यंत एक अख्खी पिढी हातची गेली होती.

मराठी वाचकाला इथे पुण्याची आठवण होणे साहजिक आहे. याच रॉकफेलर फाउंडेशनने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले होते. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या चमूनेच त्या रोगाचा विषाणू शोधला. फाउंडेशनने पुण्यातूनही पाय काढला. पण परिषदेने केंद्राचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात घेतला, १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था हे नाव मिळाले, आणि २०२० च्या जानेवारीअखेर केरळात सापडलेल्या भारतातील पहिल्या करोना रुग्णाचा नमुना तपासायला पुण्याबाहेर पाठवावा लागला नाही. पैसा देणारा एकच, काळही जवळपास तोच. फरक पडला तो पैसा थांबल्यावर खर्च कोणी उचलला याने. एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. पुण्याची संस्था विद्यापीठाच्या बाहेर वाढली, त्यामुळे संशोधन एकीकडे आणि शिकवणे दुसरीकडे, ही आपली जुनी फारकत तिथेही राहिली. एडेचे केंद्र विद्यापीठाच्या आवारात आहे आणि या प्रकरणात ती बाब फार महत्त्वाची आहे.

आधी रुग्णालय, मग केंद्र

एसीगिडची गोष्ट बहुतेक ठिकाणी २०१४ पासून सांगितली जाते. खरी सुरुवात त्याआधीची आहे, आणि तीही एका नमुन्यापासूनच होते. मानवी जनुकीय विविधतेचा नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी इबादानमधील योरुबा लोकांचे डीएनए नमुने घेण्यात आले होते. अमेरिकेतील संशोधक पार्डिस साबेती यांनी त्या माहितीचा अभ्यास करताना एका जनुकाभोवती नैसर्गिक निवडीच्या ठळक खुणा पाहिल्या; ते जनुक लासा विषाणूच्या पेशीतील प्रवेशाशी संबंधित होते. नमुना इबादानचा, वाचन अमेरिकेतले. यापुढची पायरी मात्र नायजेरियात जाऊन, रुग्णांजवळच, करणे भाग होते.

ती जागा म्हणजे एडो राज्यातील इरुआ येथील विशेषोपचार शिक्षण रुग्णालय. हा भाग लासा तापाच्या पट्ट्यात येतो. रोग पसरवणारा उंदीर घरांत आणि धान्याच्या साठ्यांत वावरतो, कोरड्या हंगामात रुग्ण वाढतात, आणि सुरुवातीची लक्षणे मलेरियासारखीच असल्याने निदान चुकत राहते. २००८ पासून या रुग्णालयात जर्मनीतील हॅम्बुर्गच्या संशोधकांच्या साहाय्याने पीसीआर चाचणी होऊ लागली होती. म्हणजे रुग्ण, डॉक्टर आणि निदान एका छताखाली आले होते. पुढे एसीगिडचे संस्थापक ठरलेले डॉ. ख्रिस्तियन हॅप्पी या टप्प्यावर साबेती यांचे सहकारी झाले. ते मूळचे कॅमेरूनचे, पीएच.डी. इबादान विद्यापीठाची, त्यानंतरचे संशोधन हार्वर्डला, आणि मुख्य काम मलेरियाच्या औषधांना दाद न देणाऱ्या परजीवींवर. परदेशात राहण्याची वाट खुली असताना ते नायजेरियात परतले आणि पुढे रिडीमर्स विद्यापीठात रुजू झाले.

हे विद्यापीठ खासगी आहे. एका मोठ्या ख्रिस्ती धर्मसंस्थेने २००५ साली ते स्थापन केले. इतके तरुण, लहान आणि संशोधनाची जुनी परंपरा नसलेले विद्यापीठ निवडणे बाहेरून पाहणाऱ्याला अनाकलनीय वाटेल. पण नव्या विद्यापीठात जुनी गटबाजी नसते, निर्णय लवकर होतात, आणि एका विषयावर सगळी ताकद लावायला कुलगुरू तयार असतील तर वाट मोकळी होते. या फायद्याची किंमतही मोजावी लागते. तिच्याकडे शेवटी येऊ.

लागोसमधील जुलै

२० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक प्रवासी लागोसच्या विमानतळावर कोसळला. सरकारी डॉक्टरांचा संप चालू असल्याने त्याला एका खासगी रुग्णालयात नेण्यात आले. सुरुवातीला मलेरिया समजून उपचार झाले, पण डॉ. अमेयो स्टेला अदादेवो यांना इबोलाचा संशय आला आणि त्याला सोडून देण्यासाठी येणारा दबाव झुगारून त्यांनी त्याला रुग्णालयातच रोखून धरले. संशयाला पुरावा हवा होता. लागोस विद्यापीठाच्या शिक्षण रुग्णालयातील विषाणू प्रयोगशाळा आणि रिडीमर्स विद्यापीठाचा चमू या दोन्ही विद्यापीठीय गटांनी नमुने तपासले, आणि २३ जुलैला, रुग्ण जिवंत असतानाच, इबोलाचे निदान झाले. दोन दिवसांनी तो रुग्ण मरण पावला. डॉ. अदादेवो यांनाही लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला.

त्यानंतर जे घडले ते सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. पोलिओसाठी उभारलेली आपत्कालीन यंत्रणा इबोलाकडे वळवण्यात आली, रुग्णांच्या संपर्कात आलेल्या ८९४ व्यक्ती शोधून काढण्यात आल्या, त्यांच्या घरी सुमारे १८,५०० भेटी देण्यात आल्या. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या महानगरात शिरलेली साथ २० रुग्ण आणि ८ मृत्यूंवर थांबली आणि २० ऑक्टोबर २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त असल्याचे जाहीर केले. याच काळात सिएरा लिओनमधील केनेमा येथील रुग्णालयात साबेती आणि हॅप्पी यांचे सहकारी काम करत होते. तिथल्या ७८ रुग्णांच्या ९९ विषाणू-जनुकक्रमांचा शोधनिबंध ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे पाच सहलेखक इबोलानेच मरण पावलेले होते, डॉ. शेख हुमार खान त्यांपैकी एक. विशेष प्रशिक्षण मिळालेली माणसे त्या देशांत किती मोजकी होती आणि त्यांतला एक जण गेला तर काय गमावले जाते, हे यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.

प्रकरणाचा अभ्यास करताना एक गोष्ट माझ्या विशेष लक्षात आली. ज्या उत्कृष्टता केंद्रांच्या कार्यक्रमातून एसीगिडला निधी मिळाला, तो जागतिक बँकेने मंजूर केला एप्रिल २०१४ मध्ये, म्हणजे लागोसच्या घटनेच्या जेमतेम तीन महिने आधी. एवढ्या अवधीत त्या पैशातून निदानाची क्षमता उभी राहणे शक्यच नव्हते. क्षमता आधीची होती: लासावर केलेले काम, इरुआशी असलेले संबंध, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पाठबळाने आफ्रिकेत सुरू झालेला मानवी आनुवंशिकीचा कार्यक्रम. कार्यक्रमाचे श्रेय मोजताना हा क्रम विसरला जातो. बँकेच्या पैशाने या केंद्राला उभे केले नाही. उभे राहिलेल्याला बळ दिले. इतर विद्यापीठांना हा आराखडा लावून पाहताना नेमका हाच मुद्दा आधी तपासावा लागेल.

पैसा कसा आला

त्या कार्यक्रमाची रचना समजून घेण्यासारखी आहे. १५ कोटी डॉलरच्या पहिल्या टप्प्यात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील सात देशांमधील १९ केंद्रे निवडली गेली. नायजेरियात १०, घानात ३, सेनेगलमध्ये २, आणि बेनिन, बुर्किना फासो, कॅमेरून व टोगो यांत प्रत्येकी १. एका केंद्राला ८० लाख डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकत होती. निवड राजकीय वाटपाने झाली नाही. विद्यापीठांनी प्रस्ताव द्यायचे, बाहेरच्या तज्ज्ञांनी ते तपासायचे, असा स्पर्धेचा मार्ग होता. समन्वयाचे काम आक्रा येथील आफ्रिकी विद्यापीठ संघटनेकडे होते. आणि हा पैसा प्रामुख्याने कर्ज होता. सवलतीचे, दीर्घ मुदतीचे, पण कर्जच. म्हणजे नायजेरियाच्या करदात्याने, सरकारी विद्यापीठांबरोबर खासगी विद्यापीठातील केंद्रासाठीही, आपल्या नावावर कर्ज घेतले. त्या देशाच्या राजकारणात ही सोपी गोष्ट नाही.

पैसे हप्त्याने आणि निकाल पाहून मिळत. किती विद्यार्थी घेतले, किती शोधनिबंध मान्यताप्राप्त नियतकालिकांत आले, अभ्यासक्रमाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली का, केंद्राने स्वतः बाहेरून किती निधी आणला, हिशेब वेळेवर तपासून घेतले का, अशी ठरावीक उद्दिष्टे होती आणि त्यांची शहानिशा तिसऱ्या पक्षाकडून होत असे. शेजारच्या देशातून आलेला विद्यार्थी स्थानिक विद्यार्थ्यापेक्षा अधिक मोलाचा धरला जाई. विद्यार्थिनीसाठीही अधिक रक्कम मिळे. या दोन तरतुदींमागचा विचार मला मोलाचा वाटतो. प्रत्येक छोट्या देशाने आपापले जनुकविज्ञान केंद्र उभारणे परवडणारे नाही. पण सिएरा लिओनचा किंवा लायबेरियाचा तंत्रज्ञ एडेला येऊन शिकून परत गेला, तर त्याच्या देशाला ते ज्ञान परवडते. शिवाय तो युरोपला न जाता शेजारी शिकतो. इथली वीज कशी जाते, इथले उंदीर कुठे असतात आणि विमानतळावर बर्फातली पेटी किती दिवस अडकून पडते, हे त्याला माहीत असते. त्याच्या शिक्षकालाही ठाऊक असते.

निकालावर पैसा देण्याच्या पद्धतीचा तोटाही आहे. जे मोजले जाते तेच वाढते. शोधनिबंधांची संख्या मोजता येते. इरुआच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना दोन दिवसांत अहवाल मिळाला की आठ दिवसांत, हे त्या उद्दिष्टांच्या यादीत नव्हते. एसीगिडने वेगवान अहवालाकडे लक्ष दिले ते केंद्र चालवणाऱ्यांच्या निष्ठेमुळे. रचनेने ते घडवले असे म्हणता येणार नाही.

रिकाम्या नळीचे शिक्षण

विशेष प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, हे एका छोट्या तपशिलातून पाहू. रुग्णाच्या रक्तातला विषाणू आधी रसायनाने निष्क्रिय करतात, मग त्यातील आरएनए वेगळा काढतात, त्याची डीएनए प्रत बनवतात, तिचे तुकडे करून प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यांना ओळखीची छोटी जनुकीय खूण जोडतात आणि सगळे नमुने एकत्र करून यंत्रात घालतात. यंत्र कोट्यवधी तुकडे वाचते. त्यांतून मूळ जनुकक्रम जुळवण्याचे काम संगणकावर होते. या सगळ्या नमुन्यांबरोबर एक नळी अशी असते जिच्यात रुग्णाचे काहीच नसते, नुसते शुद्ध पाणी. तिलाही बाकीच्यांसारख्याच सगळ्या पायऱ्यांतून नेतात. शेवटी त्या नळीत लासा विषाणूचे तुकडे सापडले, तर याचा अर्थ कुठेतरी पिपेटच्या टोकावरून, हातमोज्यावरून किंवा हवेतल्या सूक्ष्म थेंबातून दूषण झाले आहे आणि सगळी फेरी फेकून द्यावी लागते.

या रिकाम्या नळीवर विश्वास ठेवायला शिकणे, आणि ती वाईट निघाली तर आठवडाभराचे काम निमूटपणे टाकून देण्याचे धैर्य असणे, हे पुस्तकातून येत नाही. ते अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून येते. पूर्वी या अनुभवासाठी आफ्रिकी विद्यार्थ्याला परदेशी जावे लागे. तिथे तो उत्तम शिकत असे, पण ज्या यंत्रावर शिकला ते यंत्र घरी नसे, आणि बरेचदा तो स्वतःही घरी परतत नसे. एडे येथे विद्यार्थी रिडीमर्स विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. करतात, तर इतर देशांच्या प्रयोगशाळांतील कर्मचारी काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमांना येतात. दोघांच्या हातात एकाच प्रकारचे, चालू साथीतले, खरे नमुने असतात. शिकवण्यासाठी वेगळा सराव आणि कामासाठी वेगळी प्रयोगशाळा, असे तिथे नाही. केंद्र विद्यापीठात असण्याचा खरा लाभ हा आहे.

तीन उत्तरे

२०१८ च्या लासा साथीत मिळालेले उत्तर असे होते: विषाणू नवा नव्हता. रुग्णांत सापडलेले जनुकक्रम परस्परांपासून इतके वेगळे होते की ते एकाच साखळीतून पसरले असणे शक्य नव्हते; बहुतेक रुग्णांना उंदरांकडून स्वतंत्रपणे लागण झाली होती. हॅम्बुर्गच्या चमूने हातात मावणारे यंत्र घेऊन इरुआच्या रुग्णालयातच जनुकक्रम वाचले आणि त्यांचाही निष्कर्ष हाच आला. दोन स्वतंत्र गट एकाच उत्तरावर पोहोचल्याने आरोग्य यंत्रणेला ठामपणे पावले उचलता आली. माणसांना एकमेकांपासून दूर ठेवण्यावर शक्ती खर्च करण्याऐवजी उंदीर, धान्यसाठा आणि रुग्णालयातील काळजी यांवर भर देणे योग्य ठरले. सगळे वाचन एडेत झाले असे मी म्हणत नाही. बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचा त्यात मोठा वाटा होता. पण प्रश्न विचारणारे, नमुने हाताळणारे आणि निष्कर्ष सरकारपुढे मांडणारे नायजेरियात होते.

त्याच वर्षाअखेरीस एडो राज्यात तरुण माणसे तापाने दगावू लागली. लासाची चाचणी नकारार्थी येत होती. इरुआहून नमुने एडेला गेले. तिथे ठरावीक विषाणू न शोधता नमुन्यात असलेली सगळी जनुकीय सामग्री वाचून पाहिली गेली, आणि काही दिवसांतच उत्तर मिळाले: पीतज्वर. पीतज्वराची लस उपलब्ध आहे, त्यामुळे निदान होताच करण्यासारखे बरेच होते. या प्रसंगाला फारशी प्रसिद्धी मिळाली नाही, तरी उपयोजित संशोधन म्हणजे काय हे सांगायला माझ्या मते याहून चांगले उदाहरण नाही.

तिसरे उत्तर जगाला माहीत आहे. २७ फेब्रुवारी २०२० रोजी लागोसमध्ये इटलीहून आलेल्या एका व्यक्तीला करोनाची लागण झाल्याचे स्पष्ट झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एसीगिडने नायजेरियाच्या राष्ट्रीय संस्थांबरोबर त्या विषाणूचा जनुकक्रम प्रसिद्ध केला. आफ्रिका खंडातून जाहीर झालेला तो पहिला करोना जनुकक्रम होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आफ्रिकी रोगनियंत्रण केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी जनुकक्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळांचे खंडव्यापी जाळे उभारले, तेव्हा इतर देशांचे नमुने तपासून देणाऱ्या प्रयोगशाळांत एसीगिडचा समावेश झाला. १९६९ मध्ये जोसहून अमेरिकेला जाणारा नमुना आता शेजारच्या देशांतून एडेला येऊ लागला.

न सुटलेले

एडेच्या प्रयोगशाळेला लागणारी रसायने जवळपास सगळी आयात होतात. काही उणे २० अंशांवर ठेवावी लागतात, काही उणे ८० अंशांवर. लागोसच्या विमानतळावर उतरलेली पेटी सीमाशुल्क विभागातून सुटून दोनशे किलोमीटरहून अधिक रस्त्याने एडेला पोहोचेपर्यंत तिच्यातला कोरडा बर्फ टिकला पाहिजे. वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने फ्रीझर जनित्रांच्या भरवशावर चालतात आणि डिझेल हा संशोधनाचाच खर्च होऊन बसतो. यंत्र बिघडले तर प्रशिक्षित अभियंता जवळ नसतो. हे प्रश्न एकट्या एसीगिडचे नाहीत. पण जून २०२३ मध्ये नायजेरियाने चलनदर मोकळा केल्यावर त्यांची धार वाढली. तोपर्यंत अधिकृत दराने सुमारे ४६० नायरांना मिळणारा डॉलर २०२४ मध्ये दीड हजार नायरांच्या आसपास गेला. रसायनांची किंमत डॉलरमध्ये असते. विद्यार्थ्यांची फी नायरात येते.

आता नवे, खासगी विद्यापीठ निवडण्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या त्या किमतीकडे येऊ. नायजेरियातील सरकारी विद्यापीठांचे प्राध्यापक २०२० मध्ये सुमारे नऊ महिने आणि २०२२ मध्ये १४ फेब्रुवारीपासून आठ महिने संपावर होते. त्यांच्या मागण्या रास्त होत्या, कारण सरकारने दिलेले करार पाळले नव्हते. पण करोनाच्या ऐन काळात त्या विद्यापीठांतील अध्यापन ठप्प झाले हेही खरे. खासगी रिडीमर्स विद्यापीठ संपाबाहेर राहिले आणि एसीगिडचे काम चालू राहिले. हे भाग्य अर्धेच आहे. नायजेरियात विद्यापीठांसाठी देशांतर्गत निधीचा एक मोठा स्रोत म्हणजे उच्च शिक्षणासाठीचा न्यास निधी, ज्याला सगळे टेटफंड म्हणतात. कंपन्यांच्या नफ्यावरील करातून तो उभा राहतो आणि कायद्याने फक्त सरकारी संस्थांना मिळतो. म्हणजे ज्या खासगीपणामुळे केंद्र संपातून वाचले, त्याच खासगीपणामुळे ते स्वदेशातील सर्वांत स्थिर पैशाला मुकते. उरला तो परदेशी अनुदानांचा आणि जागतिक बँकेच्या पुढच्या टप्प्याचा आधार. तो टप्पा २०१९ मध्ये सुरू झाला आणि प्रकल्प म्हटला की त्याला मुदत आलीच.

केंद्राची ओळख एका संस्थापकाभोवती गुंफली गेली आहे, हा दुसरा प्रश्न. परदेशी सहकारी, देणगीदार आणि सरकारी अधिकारी डॉ. हॅप्पी यांच्याकडे पाहून विश्वास ठेवतात, आणि तो विश्वास त्यांनी कष्टाने मिळवलेला आहे. पण इबादानचा अनुभव सांगतो की प्रयोगशाळेला दुसरी आणि तिसरी पिढी लागते. तिथे शिकलेले पीएच.डी.धारक नायजेरियातील सरकारी विद्यापीठांत कायम पदांवर जाऊ शकले, त्यांच्या हाताशी एखादे तरी चालते यंत्र राहिले, तर हे ज्ञान एडेच्या आवाराबाहेर रुजेल. तशी पदे निर्माण करणे जागतिक बँकेच्या हातात नाही आणि रिडीमर्स विद्यापीठाच्याही हातात नाही. ते अबुजातील केंद्र सरकारचे आणि राज्यांचे काम आहे.

टेटफंडच्या कायद्यात बदल करून, राष्ट्रीय गरजेचे काम करणाऱ्या केंद्रांना विद्यापीठाची मालकी न पाहता स्पर्धेतून निधी देता येईल. जागतिक बँकेच्या कर्जासाठी नायजेरियाने २०१४ मध्ये हे तत्त्व स्वीकारलेच होते. तेव्हा खासगी विद्यापीठातील केंद्राला देशाच्या नावावरचा पैसा मिळाला आणि कोणाचे काही बिघडले नाही. तेच तत्त्व देशाच्या स्वतःच्या करांना लावायचे आहे. तोवर इरुआचे डॉक्टर कोरड्या हंगामात नमुने पाठवत राहतील, आणि एडेत कोणीतरी रोजच्यासारखे जनित्राच्या टाकीत डिझेल किती उरले आहे ते पाहील.